नातवाला आजीचे नाव

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझ्या भावाच्या मुलाचे नाव आम्ही 'सुमन' ठेवले आहे. मराठी कानाला हे नाव बाईचे वाटते हे आम्हाला ठाऊक होते आणि पूर्ण विचारान्तीच ते ठेवले गेले. बारशाला आत्या या नात्याने बाळाच्या कानात ते मीच सांगितले. त्यानंतर इंदुरातील आमच्या मराठी गोतावळ्यात या नावावरून जे बोलले गेले, ते आमच्या घरापुरतेच असते तर मी आपल्या वृत्तपत्राची जागा मागितली नसती. परंतु आक्षेप आले ते शिकलेल्या, वाचणाऱ्या, स्त्री-पुरुष समानतेवरील व्याख्यानांना आवर्जून जाणाऱ्या माणसांकडून, आणि त्यांपैकी बहुतेकांनी ते परंपरेच्या नावाने घेतले. म्हणून या बाबतीत आपल्या परंपरेने खरोखर काय केले आहे आणि मुलग्याला बाईचे नाव म्हटल्यावर आपल्याला नेमके काय खुपते, हे जाहीरपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

सुमन हे माझ्या आईचे माहेरचे नाव. लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने तिचे दुसरे नाव लिहिले गेले आणि शिधापत्रिकेपासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत तेच तिच्यासोबत राहिले. माहेरची वडीलधारी माणसे गेली, तसे तिला सुमन म्हणून हाक मारणारे कुणी उरले नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की तिचा खुलासा कुणी मागत नाही. ज्या होळकरांच्या शहरात आपण राहतो, त्यांच्या गादीवर मल्हारराव, तुकोजीराव, यशवंतराव हीच नावे फिरत राहिली आणि दुसरे मल्हारराव, तिसरे तुकोजीराव असे क्रमांक लावून त्यांना ओळखावे लागते. आजीचे नाव मात्र नातीलाच मिळते, आणि तेही नात झाली तर. माझ्या भावाने आणि भावजयीने एकच अपत्य पुरे असे ठरवलेले आहे, आणि शहरातील कितीतरी घरे आज हेच ठरवतात. अशा घरात मुलगा जन्मला की आजीचे नाव तिथेच संपते. ही गोष्ट प्रथम बोलून दाखवली ती माझ्या भावजयीने, आणि सासूचे माहेरचे नाव मुलाला ठेवावे हा प्रस्तावही तिचाच होता. सुनेने सासूचे माहेरचे नाव लक्षात ठेवावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

पहिला आक्षेप शास्त्राचा आला, तेव्हा शास्त्रापासूनच सुरुवात करते. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे आणि मुलीचे विषम अक्षरांचे व आकारान्त असावे असा नियम आहे. मनुस्मृतीत स्त्रियांची नावे उच्चाराला सोपी, मंगल आणि दीर्घ स्वराने संपणारी असावीत असे सांगितले आहे. हे नियम काटेकोरपणे पाळायचे ठरवले, तर गणेश, महेश, रमेश, प्रकाश ही तीन अक्षरी नावे मुलांना ठेवता येणार नाहीत, आणि सीता, राधा, उमा, रमा ही दोन अक्षरी नावे मुलींसाठी बाद होतील. म्हणजे ज्या नावांनी आपली घरे भरलेली आहेत त्यांपैकी निम्मी तरी या मोजमापात बसत नाहीत, आणि त्याबद्दल आजवर कुणाला खंत वाटलेली नाही. 'सुमन' हे नाव या सूत्राच्या कसोटीवर तपासले, तर अक्षरांच्या संख्येने ते मुलीकडे जाते आणि शेवटच्या स्वराने मुलीचे ठरत नाही. शिवाय धर्मसिंधूसारख्या ग्रंथात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम असे नावांचे चार प्रकार सांगितलेले आहेत, त्यांपैकी आपण शाळेत आणि कागदपत्रांत लावतो ते केवळ व्यावहारिक नाव. त्या नावावर शास्त्राचा एवढा पहारा बसवण्याचे कारण मला दिसत नाही.

व्याकरणाचा आधारही तितकाच कच्चा आहे. 'किरण' हा शब्द मराठीत पुल्लिंगी आहे, तरीही देशातील पहिल्या महिला आय.पी.एस. अधिकारी किरण बेदी यांचे नाव कुणाला पुरुषी वाटत नाही, आणि वडोदऱ्याचे यष्टिरक्षक किरण मोरे यांचे नाव कुणाला बायकी वाटत नाही. कमळ आणि सुमन हे दोन्ही शब्द नपुंसकलिंगी आहेत. मधु हे नाव मुलींना ठेवले जाते, पण मधु दंडवते आणि मधु लिमये यांच्या नावावर कुणी बोट ठेवल्याचे ऐकिवात नाही. माणिक हे नाव मराठी घरांत एका थोर गायिकेमुळे परिचित आहे आणि त्रिपुरात त्याच नावाच्या गृहस्थांनी १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे मुख्यमंत्रिपद सांभाळले. संस्कृतात तर बायकोसाठी असलेल्या तीन शब्दांपैकी 'दार' पुल्लिंगी, 'पत्नी' स्त्रीलिंगी आणि 'कलत्र' नपुंसकलिंगी आहे. शब्दाचे लिंग आणि माणसाचे लिंग यांची सांगड घालण्याचा आग्रह ज्या भाषेकडून आपण नियम घेतो तिनेच धरलेला नाही. त्यातही मराठीची ठेवण अशी की माणूस स्त्री आहे की पुरुष हे सांगण्याचे ओझे नावावर पडतच नाही, कारण ते काम क्रियापद करते. 'किरण आला' आणि 'किरण आली' यांत घोटाळा होण्यासारखे काही नाही.

आता इंदूरविषयी. आमच्या नातेवाइकांनी नावावरून भुवया उंचावल्या, त्याच दिवशी शेजारच्या हिंदीभाषक घरांतून पेढे घेताना सगळ्यांनी 'बहुत अच्छा नाम है' असे म्हटले, आणि ते औपचारिक नव्हते. हिंदी प्रदेशात सुमन हे पुरुषाचे नाव म्हणून सर्रास चालते. येथून जवळच, उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेले थोर हिंदी कवी शिवमंगल सिंह यांनी हेच नाव उपनाव म्हणून घेतले आणि आयुष्यभर ते 'सुमनजी' म्हणून आदराने ओळखले गेले. त्यांनी ग्वाल्हेरलाही अध्यापन केले. तेथील आणि माळव्यातील कितीतरी मराठी घरांतील विद्यार्थ्यांनी 'सुमनजी' हा शब्द उच्चारताना त्यात काही विसंगत आहे असे मानले नसणार. आपल्या राज्याचे माजी मुख्यमंत्री कमल नाथ यांचे नावही तसेच. मराठी घरात कमल म्हटले की आत्या, मावशी किंवा काकूच डोळ्यांसमोर येते, परंतु त्यांच्या नावाच्या पाट्या वाचताना मराठी मतदाराचा गोंधळ झाला नाही. आपण मराठी माणसे या शहरात दोन भाषांत एकाच वेळी जगतो. सकाळी दूधवाल्याच्या तोंडी पुरुषाचे असलेले नाव संध्याकाळी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बाईचे होते, आणि दोन्ही ठिकाणी आपण सहजपणे वावरतो. याचा अर्थ नावाचा बायकीपणा नावात नसून ऐकणाऱ्याच्या सवयीत असतो. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथील मराठी माणसाला ही गोष्ट पुण्यातील माणसाहून लवकर उमगावी अशी माझी अपेक्षा होती.

याच शहरातील आपल्या शीख बांधवांकडे पाहिले तरी पुरे. गुरप्रीत, हरजित, मनजित ही नावे तेथे मुलाला आणि मुलीला सारखीच ठेवली जातात आणि पुढे सिंग किंवा कौर लागते. १६९९ मध्ये खालसा पंथाच्या स्थापनेपासून सिंग आणि कौर या नामाभिधानांची परंपरा सांगितली जाते. एवढ्या मोठ्या समाजात नावावरून मुलगा की मुलगी हे कळत नसल्यामुळे कुणाचे शिक्षण, लग्न किंवा सैन्यातील नोकरी अडल्याचे दिसत नाही.

तरीही मला हिंदीच्या किंवा पंजाबीच्या आडोशाला उभे राहायचे नाही. 'हिंदीत चालते ना, मग ठीक आहे' असे म्हणून काही जणांनी शेवटी आम्हाला सवलत दिली, ती मी स्वीकारलेली नाही. आईचे नाव शारदा, मुक्ता किंवा गोदावरी असते, तरी मी तेच बाळाच्या कानात सांगितले असते आणि हेच पत्र लिहिले असते.

काही हितचिंतकांनी मध्यम मार्ग सुचवला. नुसते 'सुमन' ठेवू नका, 'सुमनकांत' ठेवा किंवा 'सुमनेश' ठेवा, म्हणजे आजीचेही नाव राहील आणि ते मुलालाही शोभेल. या सूचनेमागील आपुलकी मला मान्य आहे, पण शब्दांकडे जरा नीट पाहावे. रमाकांत म्हणजे रमेचा पती, उमेश म्हणजे उमेचा स्वामी, लक्ष्मीकांत, रजनीकांत, जानकीनाथ ही सगळी नावे याच घडणीची आहेत. या नावांत देवी आहे, परंतु ती कुणाची तरी पत्नी म्हणून आहे आणि नाव तिचे नसून तिच्या नवऱ्याचे आहे. देवांच्या बाबतीत ते योग्यच आहे. पण माझ्या भाच्याला 'सुमनकांत' म्हणणे म्हणजे त्याला स्वतःच्या आजीचा पती म्हणणे. ही गोष्ट सुचवणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही, कारण स्त्रीच्या नावामागे पुरुषवाचक शेपूट लावले की ते पुरुषाला शोभते एवढेच आपल्या डोक्यात पक्के बसलेले आहे. अंबादास, गंगाराम, दुर्गाप्रसाद, भवानीशंकर या नावांबाबतही हेच. देवीवर आपली पूर्ण श्रद्धा असते, कुलदैवत तुळजापूरची भवानी किंवा कोल्हापूरची अंबाबाई असते, पण मुलाच्या नावात तिला एकटीला येऊ देण्याची आपली तयारी नसते.

आणि जेव्हा आपण असे शेपूट न लावता देवीचे किंवा नदीचे नाव पुरुषाला सहज हाक म्हणून वापरले, तेव्हा काही बिघडलेही नाही. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत हे इतिहासात गंगोबा तात्या म्हणून ओळखले जातात. गंगा हे नाव त्यांच्या दिवाणगिरीच्या आड आले नाही. त्याहून मोठे उदाहरण वारकऱ्यांचे आहे. ज्ञानदेवांना आपण सातशेहून अधिक वर्षे 'माऊली' म्हणत आलो आहोत, आणि पंढरीच्या विठोबाला 'विठाई' म्हणतो. पुरुष संताला आई म्हणणे आणि पुरुष देवाला बाईच्या नावाने हाक मारणे, याहून स्त्रीवाचक नामकरण ते कोणते? आषाढीच्या वाटेवर लाखो पुरुष एकमेकांनाही 'माऊली' म्हणतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. ज्या भक्तिपरंपरेत आपण वाढलो तिने हा प्रश्न फार पूर्वी सोडवलेला आहे.

परंतु याच समाजात मुलग्याला बाईचे रूप देण्याची आणखी एक रीत होती, आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही. ज्या घरात मुलगे जन्मून दगावत, त्या घरात पुढच्या मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालत, त्याला मुलीसारखे वाढवत, आणि त्यावरून त्याला 'नथू' म्हणत. दगडू, धोंडू, केरू ही नावे त्याच भीतीतून आली. दगडाला, केराला आणि मुलीला मृत्यू किंवा दृष्ट लागत नाही, कारण या तिघांचा मोह कुणालाच नाही, अशी त्यामागची समजूत होती. म्हणजे मुलग्याला बाईचे नाव किंवा बाईचा दागिना हा प्रकार आपल्या आजी-पणजींना नवीन नव्हता. फरक इतकाच की त्या वेळी ते मुलीच्या जिवाला किंमत नाही म्हणून केले जाई, आणि आम्ही ते आईच्या नावाची किंमत वाटते म्हणून केले आहे. पहिली रीत आपल्याला समजते, किंबहुना तिच्याकडे आपण हळवेपणाने पाहतो, आणि दुसरी मात्र विचित्र वाटते, हे मला फार अस्वस्थ करते.

मुलींच्या नावांकडे पाहिले म्हणजे ही अस्वस्थता आणखी वाढते. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये 'नकुशा' किंवा 'नकोशी' असे नाव असलेल्या २८५ मुलींना जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली. नको असताना जन्मलेली, असा अर्थ असलेले नाव घेऊन त्या मुली वर्षानुवर्षे शाळेत जात होत्या. हजेरीत ते नाव रोज वाचले जात होते, शिधापत्रिकेवर लिहिले जात होते, आणि 'या नावाने मुलीचे काय होईल' असा प्रश्न तिच्या बारशाला कुणी विचारला नव्हता. फुलाचा अर्थ असलेले आजीचे नाव एका मुलाला मिळाले तर मात्र त्याच्या भवितव्याची चिंता इतक्या तोंडांतून व्यक्त होते. कोणत्या नावाने खरोखर अपमान होतो, याची आपली पारख इतकी उलटी कशी झाली?

माझ्या मते खरा आक्षेप येथे आहे, आणि तो शास्त्राचा, व्याकरणाचा किंवा परंपरेचा नाही. 'माझी मुलगी म्हणजे मुलगाच आहे' हे वाक्य आपल्याकडे कौतुकाने बोलले जाते. पराक्रमी स्त्रीला मर्दानी म्हटले की तिचा गौरव होतो. उलट मुलगा रडला की 'मुलीसारखा काय रडतोस' म्हणतात, माघार घेतली की 'बांगड्या भर' म्हणतात, आणि 'बायकी' हा शब्द तर पुरुषासाठी शिवी म्हणूनच वापरला जातो. स्त्रीला पुरुषाच्या रांगेत बसवणे ही बढती आणि पुरुषाला स्त्रीच्या रांगेत बसवणे ही शिक्षा, असा हा हिशेब आहे. या शहराच्या विद्यापीठाला १९८८ पासून देवी अहिल्येचे नाव आहे, विमानतळाला तिचे नाव आहे, आणि येथून पदवी घेतलेले हजारो पुरुष आपल्या अर्जांवर ते नाव अभिमानाने लिहितात. १७६७ ते १७९५ या काळात तिने जो कारभार केला त्याचे दाखले आपण उठता-बसता देतो. एका स्त्रीचे नाव संपूर्ण शहराला चालते, पण एका मुलाला एका स्त्रीचे नाव लागले की तो लहान होतो, ही गोष्ट मला पटत नाही. आईचे नाव घेतल्याने मुलगा लहान होतो असे ज्याला वाटते, त्याच्या मनात आईची जागा कोणती, हा प्रश्न मी माझ्या नातेवाइकांना विचारला आहे आणि वाचकांनाही विचारते.

मुलाला शाळेत चिडवतील, ही चिंता मात्र मी हलकी मानत नाही. मी स्वतः शाळेत शिकवते आणि मुले किती निर्दय होऊ शकतात हे मला रोज दिसते. ती कोणतेही नाव मोडूनतोडून वापरतात, आडनावावरून, उंचीवरून, चष्म्यावरून चिडवतात, आणि बाईचे नाव असलेल्या मुलाला अधिक चिडवतील हेही शक्य आहे. परंतु माझा अनुभव असा आहे की मुले याबाबतीत मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहतात. शिक्षिका हजेरी घेताना ज्या नावापाशी थबकते, पुन्हा विचारते किंवा ओठांत हसते, ते नाव मधल्या सुट्टीत त्या मुलाच्या मागे लागते. जे नाव इतर नावांसारखेच वाचले जाते ते थोड्याच दिवसांत जुने होते आणि मुलांचे लक्ष दुसरीकडे वळते. म्हणून चिडवण्याच्या भीतीने नाव बदला, असे पालकांना सांगण्यापेक्षा हजेरी नीट घ्या, असे शिक्षकांना सांगणे मला अधिक योग्य वाटते. चिडवणाऱ्याला काहीच न बोलता ज्याला चिडवले जाते त्यालाच बदलायला सांगणे, ही सवय मुलींच्या बाबतीत आपण पुरेशी वापरून पाहिली आहे.

दुसरेही एक येथे सांगितले पाहिजे. केवळ वेगळेपणाच्या हौसेने, लोकांनी पाहावे म्हणून, मुलाला असे नाव ठेवणाऱ्यांच्या बाजूने मी बोलत नाही. मूल हे आई-वडिलांची मते मिरवण्याची जागा नव्हे. नावामागे एखादे माणूस असावे, एखादी आठवण असावी, जी मुलगा मोठा झाल्यावर त्याला सांगता येईल आणि त्याला आपलीशी वाटेल. आमच्या सुमनला त्याच्या आजीचे अक्षर, तिचे पाठांतर, तिने माहेराहून आणलेली पुस्तके, सगळे दाखवता येईल. एवढे करूनही पुढे त्याला हे नाव नकोसे वाटले, तर त्याला ते बदलण्याचा अधिकार आहे आणि आम्ही त्याच्या आड येणार नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सी.बी.एस.ई.च्या प्रमाणपत्रांतील नावबदलाच्या प्रकरणात, स्वतःचे नाव आपल्या इच्छेनुसार धारण करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे मानले आहे. तो अधिकार रमेशला आहे तसा सुमनलाही आहे.

कागदपत्रांच्या अडचणीविषयी थोडक्यात लिहिते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये मुलाचे नाव अमुक लिंगाचे असावे अशी कोणतीही अट नाही. नोंदणीच्या अर्जात नाव आणि लिंग हे दोन वेगळे रकाने आहेत. नाव ठरले नसेल तर ते नंतर भरण्याची सोय आहे, १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा मुख्य पुरावा झाला असल्यामुळे तेथील एक चूक सगळीकडे पोहोचते, आणि म्हणून नगर निगमच्या खिडकीवर नोंद होतानाच लिंगाचा रकाना पालकांनी स्वतः वाचून घ्यावा. नाव ऐकून 'स्त्री' असे टंकलिखित करण्याची घाई तेथील कर्मचाऱ्यांनी करू नये. तीच गोष्ट आधार आणि समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश शासनाचा ओळख क्रमांक, काढण्याच्या वेळी. ज्यांना ही सगळी आपल्याच देशातील ढिलाई वाटते, त्यांच्यासाठी सांगते की जर्मनीत, जेथे नावावरून मुलगा की मुलगी हे कळलेच पाहिजे असा सरकारी कार्यालयांचा दीर्घकाळ आग्रह होता, तेथे संघीय घटना न्यायालयाने डिसेंबर २००८ मध्ये तो आग्रह अमान्य केला. मुलाच्या हिताला बाधा येऊ नये एवढीच मर्यादा न्यायालयाने ठेवली. ते प्रकरण भारतीय वंशाच्या पित्याच्या मुलीचे होते आणि वादातील नाव होते 'किरण'.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. इंदुरातील शाळांना ही की प्रवेशाच्या वेळी नावावरून अंदाज बांधून मुलाला मुलींच्या यादीत किंवा मुलीला मुलांच्या यादीत घालू नये, आणि पालकांना 'हे नाव कसे काय ठेवले' असे सर्वांसमोर विचारू नये. आणि मराठी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना ही की बाळ येण्यापूर्वी घरात मुलग्याच्या आणि मुलीच्या नावांच्या ज्या दोन याद्या होतात, त्यांपैकी मुलीच्या यादीत आजीचे नाव लिहिलेले असेल तर सुनेला किंवा मुलाला ते दुसऱ्या यादीतही लिहू द्यावे.

ज्या पुरुषांनी अशी नावे आयुष्यभर वागवली आहेत, असे वाचक माळव्यात, ग्वाल्हेरात आणि वडोदऱ्यातही नक्कीच असतील. शाळेत, नोकरीत, लग्न जुळवताना त्यांना काय अनुभव आले, चांगले आणि वाईटही, हे त्यांनी आपल्या वृत्तपत्रातून लिहावे आणि आपण ते छापावे, म्हणजे आमच्यासारख्या पालकांना आणि नातलगांना पुढच्या तयारीसाठी त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक शिक्षिका
रामबाग, इंदूर